गाडी सोडायलाही क्लब लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांच्या मोटारसायकल क्लबांना आवर घालावा, ठरावीक वयानंतर दुचाकीचा परवानाच देऊ नये, असे सुचवणारे पत्र आपल्या अंकात वाचले. पत्रलेखकांची काळजी खरी आहे, ती हसण्यावारी न्यावी असे मी म्हणणार नाही. मी स्वतः अशा एका क्लबची सभासद आहे आणि वय काय काय हिरावून नेते हे जवळून पाहते. पण क्लब बंद केल्याने रस्ता सुरक्षित होईल, हे काही पटले नाही. माझ्या मते होईल ते उलटच.

आधी वयाचे मान्य करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ब्रेक लागण्याआधीच आठ मीटर गेलेले असतात. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने बराच कमी प्रकाश पोचतो, त्यामुळे तिन्हीसांजेचा रस्ता लवकर अंधारतो आणि समोरच्या दिव्याने दिपलेली नजर सावरायला वेळ लागतो. मान पुरती वळत नाही, मग आरशात न दिसणारे वाहन न दिसलेलेच राहते. हे सगळे खरे आहे.

पण यातला सर्वांत धोक्याचा माणूस क्लबात नसतो. तिशीत संसार आणि हप्ते यांपायी गाडी विकलेला, मुले मार्गी लागल्यावर पंचवीस वर्षांनी शोरूममध्ये शिरलेला आणि जुन्या गाडीच्या दुप्पट ताकदीची नवी गाडी घेऊन बाहेर पडलेला, तो हा माणूस. हात जुन्या सवयीने चालतात, गाडी मात्र नवीन असते. तो एकटाच फिरतो आणि चूक झाली तरी सांगणारे कोणी नसते.

क्लबात हे सांगितले जाते. बाहेरून बघणाऱ्याला काळी जॅकेटे आणि चकचकीत गाड्या दिसतात. आत अर्ध्या गप्पा चष्म्याच्या नंबराच्या आणि गुडघ्यांच्या असतात, उरलेल्या गाडीच्या. मोकळ्या मैदानात सावकाश गाडी चालवण्याचा सराव होतो, कारण आमच्या वयात गाडी बहुधा वेगात नव्हे, थांबताना किंवा वळवताना पडते. पडलेली गाडी उचलायचीही रीत आहे. गाडी गिअरमध्ये टाकायची. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे कोसळते. मग सीटला पाठ लावून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचा दांडा पकडून, छोटी छोटी पावले मागे टाकत पायांच्या जोरावर ती उभी करायची. कमरेतून वाकून उचलायला गेलेल्यांची पाठ धरते, आणि असे गेलेले बहुधा पुरुषच असतात, हे जाता जाता नोंदवते.

टायरचेही तसेच. आमच्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र आतून कडक झालेले असते. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नव्या सभासदाच्या गाडीपाशी पहिल्याच दिवशी कोणीतरी उकिडवे बसून तो वाचते, आणि मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

राइडला निघताना सगळ्यांत सावकाश चालवणारा लीडच्या, म्हणजे सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या, लगेच मागे असतो, म्हणजे पुढच्यांना गाठण्यासाठी त्याला पळावे लागत नाही. सगळ्यांच्या मागे स्वीप, म्हणजे कोणी मागे राहू नये म्हणून शेवटी चालणारा. वळणावर एकजण थांबून वाट दाखवतो आणि स्वीप दिसला की पुन्हा रांगेत शिरतो. कोणी कोणाला ओलांडायचे नाही. स्वीपला प्रत्येकाच्या औषधांची कल्पना हवी, असा माझा आग्रह असतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी झापड येते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही जिवावर बेतू शकतो. खिशातल्या कार्डावर औषधांची नावे असावीत. यावर आमच्यात वाद होतात, लोकांना आपली दुखणी उघड करायला आवडत नाही.

अशा क्लबांची कल्पना काही आजची नाही. ऑस्ट्रेलियात युलिसीस क्लब 1983 साली सुरू झाला, चाळिशी ओलांडलेल्यांसाठी. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर घरात बसून राहिलेल्या माणसाला 'मन मोकळे करायला ये' म्हटले तर तो येत नाही. 'चेन सैल झालीय, जरा बघतोस का' म्हटले की येतो. एखादा दोन राइडना दिसला नाही, तर त्याला फोन जातो.

आता मूळ मुद्दा. गाडी कधी सोडायची? घरचे किल्ली लपवतात, आणि मग म्हातारा दुसरी किल्ली करून घेतो. वयाची अट घातली तर पन्नाशीतला धोकादायक चालक मोकळा सुटेल आणि सत्तरीतला सावध माणूस घरी बसेल. स्वीपला मात्र मागून सगळे दिसते: इंडिकेटर चालूच राहिलाय, वळणावर गाडी बाहेर फेकली जातेय, थांबताना पाय उशिरा टेकतोय. हे बैठकीत बोलायचे नसते, एखाद्या जुन्या मित्राने बाजूला घेऊन सांगायचे असते. आधी हलकी गाडी, मग फक्त दिवसाची राइड, मग तीन चाकी किंवा कोणाच्या तरी मागे डबलसीट. पुढे हत्यारे आणि पाणी घेऊन मागून येणारी मोटार. इतक्या पायऱ्या असल्या की माणूस उतरतो.

म्हणूनच काही क्लबांच्या नियमावलीतली 'सभासदाकडे चालू स्थितीतली दुचाकी हवी' ही अट मला चुकीची वाटते. गाडी गेली की सोबतही जाणार, हे कळलेला माणूस हात थरथरतात हे कोणालाच सांगणार नाही. पत्रलेखकांना आक्षेप घ्यायचाच असेल, तर या अटीवर घ्यावा. मी त्यांच्या बाजूने सही करीन.

आपल्याला एक विनंती. ज्येष्ठाच्या दुचाकीला अपघात झाला की बातमीत वय मथळ्यात येते. वेळ संध्याकाळची होती का, समोरच्या वाहनाचा दिवा चालू होता का, डोक्यावर हेल्मेट होते का आणि त्याचा पट्टा लावलेला होता का, हेही वार्ताहरांनी विचारून छापावे.

आपली नम्र,
एक ज्येष्ठ दुचाकीस्वार