रोह्यावर रिव्हॉल्व्हर चालत नाही

संपादक महोदय,

रोही (नीलगाय) आणि डुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेतकऱ्यांना रिव्हॉल्व्हरचे परवाने सढळ हाताने द्यावेत, असं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. अमेरिकेत लोक हँडगनने हरीण मारतात, मग इथे का नको, असा त्यांचा सवाल. भिवापूरकडे माझी पराटी (कपाशी) आहे, रात्रीची जागल मीही करतो, त्यामुळे त्यांचा संताप समजतो. पण लष्करात आर्मरर म्हणून हत्यारं दुरुस्त करण्यात, हाताळण्यात उमेदीची वर्षं गेली, म्हणून लिहितो.

अमेरिकेचा दाखला अर्धाच दिलाय. माझा मुलगा ओहायोत असतो. तिथे हरणासाठी हँडगन वापरायची तर नळी किमान ५ इंच आणि काडतूस सरळ कवचाचं, .३५७ (इंचातला व्यास) किंवा त्याहून मोठं, असा नियम आहे. शिकाऱ्यांचा खरा खल चालतो तो गोळीवर. स्वसंरक्षणासाठीची हलकी, पोकळ टोकाची गोळी अंगात शिरताच फुलते आणि खांद्याच्या हाडात अडकू शकते. म्हणून .३५७ मॅग्नम या जोरकस काडतुसात १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीचं वजन) किंवा अजून जड, .४४ मॅग्नममध्ये २४० ग्रेनची गोळी पसंत करतात. सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली), नाहीतर कडक शिशाची रुंद चपट्या टोकाची. दोन्ही फुप्फुसं भेदून ती पलीकडे निघाली पाहिजे. आरपार भोक पडलं तर रक्त सांडतं आणि माग लागतो. एवढं करूनही शहाणा माणूस लांबून बार काढत नाही.

आता आपल्याकडे बघा. ९ एमएम आणि .३८ प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापांत येतात. सामान्य परवानाधारकाला मिळतं ते बहुधा .३२ चं रिव्हॉल्व्हर. त्याची ९८ ग्रेनची गोळी नळीतून निघताना जेमतेम शंभर-सव्वाशे फूट-पाउंड जोर घेऊन निघते. .३५७ मॅग्नमचा जोर पाचशेच्या वर, .४४ चा सातशेच्या वर. आणि समोर काय? ओहायोतलं हरीण साधारण आपल्या चितळाएवढं. रोह्याचा नर दोनशे किलोच्या पुढे जातो. रात्री बॅटरीच्या उजेडात, धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून, आखूड नळीतून! जनावर मरणार नाही. पोटात शिसं घेऊन नाल्यात जाईल, कुजत पडेल. डुक्कर असेल तर सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर येईल.

कायद्याचंही थोडं. चितळ, सांबर मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पीक खाल्लं म्हणून कुणी आपल्या मनाने बंदूक उचलू शकत नाही. रोही-डुकरांसाठी वनखात्याची परवानगी काढण्याची सोय राज्याने २०१५ मध्ये केली. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं, रिव्हॉल्व्हरचं नाही. ठासणीची बंदूक म्हणजे काही फार भारी हत्यार नव्हे, हेही खरं.

तेव्हा मागणी करायचीच असेल तर ही करा: परवानगीच्या कागदावर हत्यार आणि काडतूस दोन्ही लिहिलेलं असावं, बार काढणारा नेम तपासून घेतलेला असावा, आणि जखमी जनावराच्या मागावर त्याच रात्री वनरक्षक जावा. नुकसानभरपाईचा पंचनामा पीक उभं असतानाच व्हावा, म्हणजे निम्मे लोक बंदुकीचं नावही काढणार नाहीत.

– एक निवृत्त आर्मरर, मानेवाडा, नागपूर