उद्यानाच्या जागेत बोअर मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या प्रभागात बंद कारखान्याच्या जागेवर उद्यान होणार, ही बातमी आपण छापली आणि सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. नात सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे बॅडमिंटन खेळते, उद्यान नको कशाला म्हणू? पण त्याच आवारात मी १९८१ ते १९९३ अशी बारा वर्षं क्रोम प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायच्या खात्यात काढली आहेत, म्हणून हे पत्र.

सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या असा माल असायचा. क्रोमिक ॲसिडच्या टाकीतून जॉब, म्हणजे मुलामा दिलेला नग, वर काढला की धुण्याच्या टाकीपर्यंत नेताना तो ठिबकत जायचा. पाच-सहा वर्षांत फरशीचे सांधे खाल्ले गेले. धुतलेलं पाणी मागच्या भिंतीलगतच्या खड्ड्यात जायचं आणि तो खड्डा कधी भरायचा नाही, कारण त्याला सिमेंटचा तळच नव्हता. पाणी जिरतंय ना, मग झालं, असं आम्हीही म्हणायचो. खोटं कशाला बोलू? त्या ॲसिडच्या वाफेने आमच्यातल्या दोघांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं. एक जण त्यातून सुतळी ओवून दाखवायचा आणि आम्ही हसायचो.

गेल्या पंधरवड्यात कुंपणाच्या पायासाठी जेसीबीने त्याच मागच्या भिंतीशी चर खणला. रात्री पाऊस झाला. सकाळी चरात साचलेलं पाणी लिंबासारखं पिवळं होतं. बघणारे म्हणाले, मुरमाचं असेल. मुरमाचं पाणी तांबूस आणि गढूळ असतं. या पाण्याचा तळ दिसत होता. क्रोमिक ॲसिडमधल्या क्रोमियमचा तो रंग मी धुण्याच्या टाकीत बारा वर्षं पाहिला आहे. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि डोळ्यांना पिवळं दिसेपर्यंत पाणी त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. अर्थात नुसत्या रंगावरून मी निकाल देत नाही. म्हणून तर तपासा म्हणतो.

तिथल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "काका, काळजी करू नका, वरून दोन फूट लाल माती टाकणार आहोत." दवात अनवाणी चालणाऱ्या आजोबांच्या पायांपुरती ती पुरेल कदाचित. पण षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमिक ॲसिडमधलं विषारी क्रोमियम, पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालतं. जॉबचं तेलकट काढायला आम्ही ट्रायक्लोरोइथिलीन वापरायचो, ते पाण्याहून जड. खाली बसत बसत कातळाच्या भेगांत शिरतं, त्याला ना रंग ना गढूळपणा. आपल्याकडचा काळा कातळ भेगांचा, त्यात पाणी कुठून कुठे जाईल याचा अंदाज वरून बांधता येत नाही.

आणि याच आराखड्यात लॉनसाठी बोअरवेल आहे! पंप सुरू झाला की आजूबाजूचं पाणी बोअरकडे ओढलं जातं. म्हणजे जे आज जमिनीत एका कोपऱ्यात पडून असेल, ते आपण स्वखर्चाने वर काढणार आणि तुषार सिंचनाने पोरांच्या अंगावर उडवणार. शेजारच्या दोन चाळींत अजून बोअरचं पाणी वापरतात, ते वेगळंच.

डोंबिवलीत कारखान्यांच्या प्रदूषणाने २०१४ साली हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला, तेव्हा सगळीकडे फोटो आले. जमिनीखालच्या पाण्याचा फोटो येत नाही. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमियमचा कारखाना नव्वदीच्या दशकात बंद झाला, पण लाखाहून अधिक टन कचरा मागे राहिला आणि भूजल पिवळं झालं. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी पीथमपूरला नेला, त्याचा केवढा गाजावाजा झाला. पण आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तिथल्या दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला होता. तिची गाडी कुठे निघाली?

कायदा नाही असं आता म्हणता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले आहेत. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवायच्या, ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची आणि दूषित ठरली तर सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. आमचा मालक आज कुठे शोधायचा ते देव जाणे, पण तपासणीला मालक लागत नाही. हे नियम आले तेव्हा देशभरात १०३ जागा नोंदल्या होत्या आणि सफाई फक्त सातांची सुरू झाली होती. आमची जागा त्या १०३ मध्ये असेल असं वाटत नाही. छोट्या कारखान्यांना विचारतो कोण?

तेव्हा लॉनची निविदा थोडी थांबू द्या. मागची भिंत, जुन्या टाक्यांची जागा आणि नाल्याकडचा उतार इथली माती खोलवरून काढून तपासा, चाळींच्या बोअरचं पाणी तपासा आणि अहवाल फाटकावर मराठीत लावा. तोवर त्या आवारात बोअरची गाडी आणू नका. झाडांना टँकरचं पाणी चालेल.

टाक्या कुठे होत्या याचा नकाशा आता कोणाकडे नसणार. खड्डा, धुण्याच्या टाक्या, ॲसिडचे कॅरबॉय (मोठे बुधले) ठेवायची शेड, सगळं मी जागेवर उभं राहून दाखवीन. फक्त सकाळी आठच्या आत बोलवा, उन्हात आता फार वेळ उभं राहवत नाही.

आपला,
एक जुना प्लेटिंग कामगार, जिल्हा ठाणे