ऑर्लँडोच्या वार्षिक पासविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या चार मनोरंजन उद्यानांच्या, म्हणजे पार्कच्या, संकुलाचे दहा दिवसांचे तिकीट मिळत असताना त्याहून कितीतरी महाग असा वार्षिक पास कशासाठी घ्यायचा, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. फोनवर त्याचे उत्तर नीट देता येत नाही, विषय अर्धवट राहतो. म्हणून सगळे लिहूनच कळवते, म्हणजे तुम्हा दोघांना निवांत वाचून ठरवता येईल. माझे मत आधीच सांगते. तुम्ही ऑक्टोबरात येऊन मार्चअखेरपर्यंत आमच्याकडे राहणार आहात, तर वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे वार्षिक पासच घ्यावेत. आणि ते पैसे वसूल करण्यासाठी नव्हे, तर पैसे वसूल करण्याची घाई एकदाची आपल्या मागून सुटावी म्हणून घ्यावेत.

आधी हिशेब. एका दिवसाचे, एकाच पार्कचे तिकीट वर्षातल्या सर्वांत स्वस्त दिवशी ११९ डॉलरला पडते आणि नाताळाच्या सुमारास मॅजिक किंगडम या पार्कसाठी तेच १९० डॉलरच्या वर जाते. त्यावर कर वेगळा, गाडी उभी करण्याचे पैसे वेगळे, आणि त्याच दिवशी दुसऱ्या पार्कमध्येही जायचे असेल तर पार्क हॉपरचे जादा पैसे वेगळे. ज्येष्ठ नागरिकांना सवलत नाही. दहा वर्षांपुढचे सगळे सारखेच. एकदम जास्त दिवसांचे तिकीट घेतले तर दर दिवसामागचा खर्च बराच उतरतो, हे तुमचे म्हणणे खरे आहे, परंतु ही तिकिटे तारखेला बांधलेली असतात. दहा दिवसांचे तिकीट पहिल्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आत वापरून संपवावे लागते आणि त्यानंतर उरलेले दिवस बुडतात. पंधरा दिवसांच्या सुटीवर येऊन परत जाणाऱ्या कुटुंबाला ते सोयीचे आहे. सहा महिने राहणाऱ्या माणसांनी मात्र त्यातल्या दोन आठवड्यांत जवळजवळ रोज उठून पार्कमध्ये जायचे आणि उरलेले महिने तिकडे फिरकायचेही नाही, असे ते होईल. आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, आणि झेपले तरी मला तुमची सुटी तशी जायला नको आहे.

पास चार प्रकारचे आहेत, पण त्यातले तीन तुम्हाला मिळण्यासारखे नाहीत. पिक्सी डस्ट आणि पायरेट हे फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळतात; सॉर्सरर रहिवाशांना आणि डिस्ने व्हेकेशन क्लब या डिस्नेच्या सुटीतल्या मुक्कामाच्या योजनेच्या सभासदांना मिळतो. बाहेरून येणाऱ्यांसाठी इन्क्रेडी-पास हा एकच. २०२१ साली हे चारही प्रकार सुरू झाले तेव्हा त्याची किंमत १,२९९ डॉलर होती. आता ती १,५०० डॉलरच्या पुढे गेली आहे. रक्कम मोठी आहे, हे मी नाकारत नाही. मात्र त्या रकमेत मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम हे चारही पार्क, पार्क हॉपिंग आणि गाडी लावण्याचा खर्च येतो, आणि वर्षातला कोणताही दिवस त्याला बंद नसतो. माझा स्वतःचा पास सॉर्सरर आहे. थँक्सगिव्हिंग हा नोव्हेंबरअखेरचा इथला सण आणि नाताळ-नववर्ष यांच्या आसपासचे काही दिवस त्यावर चालत नाहीत, त्यामुळे त्या दिवसांत तुम्हाला जाता येईल आणि मला येता येणार नाही. पण त्या गर्दीत तुम्हाला पाठवण्याचा माझा विचारही नाही.

आता खरे कारण सांगते. आई, मागच्या खेपेला मॅजिक किंगडममध्ये दुपारनंतर तुझे पाय सुजले होते. चपलेचा बंद रुतून पावलावर वळ उठला होता, तरी एवढे पैसे भरले आहेत तर रात्रीची आतषबाजी पाहिल्याशिवाय कसे निघायचे, म्हणून तू रात्रीपर्यंत थांबलीस आणि पुढचे दोन दिवस पलंगावरून उठली नाहीस. एका दिवसाचे तिकीट माणसाला असेच वागायला लावते. सकाळी दार उघडताच आत शिरायचे, रात्री दिवे मालवेपर्यंत बाहेर पडायचे नाही, आणि मधल्या वेळेत बाकावर बसणे म्हणजे जणू काही चुकते आहे, असे वाटत राहायचे. पास हातात असला की हे सगळे बदलते. अकराला जाऊन दीडला घरी परतलो तरी काही बुडत नाही. एखादी राइड बंद असली, रांग लांब असली, ऊन लागले, की निघायचे. पुढच्या मंगळवारी पुन्हा जाता येते. घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या त्या जागेकडे मी हल्ली अशीच जाते, आणि तिथला खरा आनंद मला अशा लहान लहान फेऱ्यांमध्येच मिळाला आहे.

एपकॉटचेच पाहा. १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलेल्या या पार्कच्या मागच्या अर्ध्या भागात एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत, आणि सगळी प्रदक्षिणा दोन किलोमीटरला थोडी कमी भरते. एका दिवसात ती पुरी करायची म्हटली तर जपान कुठे संपला आणि मोरोक्को कुठे सुरू झाला, हेही लक्षात राहत नाही. पास असेल तर एका दिवशी फक्त जपान आणि चीन पाहू, बागेत बसू, परत येऊ. आई, तुझ्यासाठी मात्र मी पुढच्या भागातले ‘लँड’ हे दालन राखून ठेवले आहे. तिथे नावेत बसून सुमारे पंधरा मिनिटे काचेच्या हरितगृहांमधून नेतात. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, दोऱ्यांवरून लोंबणारे भोपळे, मुळांवर थेट पाणी फवारण्याची व्यवस्था, हे सगळे हाताच्या अंतरावरून दिसते. तिथल्या एका टोमॅटोच्या झाडाला ३२,००० हून अधिक टोमॅटो लागल्याची नोंद आहे, आणि पिकलेला माल तिथल्याच उपाहारगृहांत वापरतात. ऑक्टोबरात जे वेल नुकते चढायला लागलेले असतील ते जानेवारीत कसे दिसतात, हे तुला पुन्हा जाऊन पाहता येईल. मार्चच्या सुरुवातीला तिथे फुलांचा आणि बागांचा महोत्सव सुरू होतो, १९९४ पासून चालत आला आहे. त्याला वेगळे तिकीट लागत नाही, आणि तुमच्या परतीच्या आधी आपल्याला तो सवडीने पाहता येईल.

पार्क हॉपिंगविषयी माझे मत जरा वेगळे आहे, आणि इथे माझे ऐकावे अशी विनंती आहे. चारही पार्क एकाच दिवसात पालथे घालणारे लोक आहेत. तरुणांना त्यात गंमत वाटते, ती त्यांनी जरूर घ्यावी. परंतु ही जागा सुमारे शंभर चौरस किलोमीटरची आहे. एका पार्कमधून निघून दुसऱ्याच्या दारात पोहोचेपर्यंत, बस किंवा मोनोरेलची वाट पाहणे आणि पुन्हा पिशव्यांची तपासणी धरून, सहज तासभर जातो. मॅजिक किंगडमचा वाहनतळ तर पार्कच्या दाराशीही नाही. गाडी लावून मोनोरेलने किंवा बोटीने तळ्याच्या पलीकडे जावे लागते. अ‍ॅनिमल किंगडम सगळ्यांपासून दूर, तिथे जायला फक्त रस्ता. म्हणून आपण हॉपिंग करायचे ते मुख्यतः एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोहोंमध्येच. एपकॉटला ब्रिटन आणि फ्रान्सच्या दालनांमध्ये एक मागचे दार आहे, आणि तिथून हॉलिवूड स्टुडिओजपर्यंत बोट जाते, पायवाट जाते, आणि २०१९ पासून स्कायलायनर नावाची पाळण्यांची हवाई वाहतूकही आहे. पाळणा स्थानकात पूर्ण थांबत नाही, फक्त हळू होतो. पण चढायला वेळ लागणाऱ्यांसाठी थांबलेल्या पाळण्याची वेगळी सोय असते, ती आपण मागून घेऊ. माझ्या मनात आहे ते असे, की दुपारी हॉलिवूड स्टुडिओजमध्ये सावलीत बसून एखादा रंगमंचीय कार्यक्रम पाहायचा आणि संध्याकाळी बोटीने एपकॉटला जाऊन तळ्याकाठी जेवायचे.

हॉपिंगचा दुसरा प्रकार मला याहूनही आवडतो, आणि त्यात मधला मुक्काम घरीच असतो. सकाळी लवकर अ‍ॅनिमल किंगडम गाठायचे, कारण त्या वेळी प्राणी हिंडताफिरताना दिसतात. आई, तिथल्या सफारीची गाडी खडबडीत रस्त्यावरून जाते आणि पाठीचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये अशी सूचना त्यांनीच लावलेली आहे, म्हणून त्या गाडीत बाबांनी आणि मुलांनी बसावे. आपण दोघी आशिया विभागात जाऊ. तिथे आनंदपूर नावाचे एक कल्पित राज्य उभारले आहे. पडके राजवाडे, भिंतींवर जुनी वाटावीत अशी चित्रे, आणि त्या भिंतींच्या पलीकडे खरे वाघ. ती वाट पायी फिरायची आहे, आपल्या गतीने चालता येते. दुपारी घरी येऊन जेवायचे, झोपायचे, आणि वाटले तरच संध्याकाळी दुसऱ्या पार्कमध्ये जायचे. गाडी लावण्याचा खर्च पासात असल्यामुळे दुसऱ्या फेरीला एक पैसाही पडत नाही.

नियम थोडे आहेत, ते मी सांभाळीन. पासधारकाला दुपारी दोनच्या आधी आत जायचे असेल तर बहुतेक दिवशी त्या पार्कची जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि राखलेल्या पार्कमध्ये एकदा प्रवेश केला की मग त्या दिवशी दुसरीकडे जाता येते. दोननंतर आरक्षण लागत नाही. अपवाद फक्त शनिवार-रविवारी मॅजिक किंगडमचा. त्यामुळे आपण शनिवार-रविवार तिकडे जाणारच नाही. तुमची नावे माझ्या फोनवरच्या अ‍ॅपला जोडून घेईन आणि आरक्षणे मीच करीन. तुम्ही फक्त कार्ड जवळ ठेवायचे. दारावर बोटाचा ठसा घेतात, त्याने बिचकून जाऊ नका. पास दुसऱ्याला वापरायला देता येत नाही, म्हणून ही पडताळणी असते. रांग टाळण्यासाठी जी लायटनिंग लेन असते तिचे पैसे मात्र पासात येत नाहीत आणि ते भरण्याची आपल्याला गरजही नाही.

बाबा, तुमच्यासाठी मॅजिक किंगडममधली वाफेची आगगाडी आहे. तिची चारही इंजिने बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ या काळात बनलेली, आणि डिस्नेच्या लोकांनी ती मेक्सिकोतल्या युकातानमधून विकत आणून दुरुस्त करून घेतलेली आहेत. ती खेळण्यातली इंजिने नव्हेत. उसाच्या आणि घायपाताच्या मुलखात खरोखर राबलेली आहेत. पूर्ण फेरा सुमारे अडीच किलोमीटरचा. दुरुस्तीसाठी गाडी अधूनमधून बंद असते, आणि मागच्या खेपेला तुम्ही ती पाहिली नाहीत याचे मला फार वाटत राहिले आहे. या वेळी ती चालू आहे असे कळले की आपण फक्त तेवढ्यासाठी जाऊ, मेन स्ट्रीटच्या स्थानकावर उभे राहू, वाटेत कुठे चालक पाणी भरताना दिसला तर थांबून पाहू, आणि तुम्हाला हवे तितके फेरे मारू.

आईसाठी चाकाची खुर्ची दारातच भाड्याने मिळते. पावती जपून ठेवली तर त्याच दिवशी दुसऱ्या पार्कमध्ये पुन्हा पैसे न भरता खुर्ची मिळते. आई, त्यात संकोच करू नकोस. तुझ्या वयाची आणि तुझ्याहून तरुण माणसेही तिथे सर्रास खुर्ची घेतात, आणि तुला हवे तेव्हा उतरून चालता येईलच. घरचे खाणे आत नेता येते, फक्त काचेच्या बरण्या-बाटल्या चालत नाहीत. बर्फ घातलेले पिण्याचे पाणी खाद्यपदार्थांच्या खिडक्यांवर फुकट मिळते.

राहता राहिली एक गोष्ट. पासाचे वर्ष तो विकत घेतल्याच्या तारखेपासून धरत नाहीत. तो प्रत्यक्ष चालू करून घेतला की तिथून मोजतात. म्हणून तुम्ही आल्या आल्या जायचे नाही. प्रवासाचा शीण जाऊ द्या, झोपेचे वेळापत्रक जुळू द्या, मग एखाद्या बुधवारी पासपोर्ट घेऊन जाऊ. त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत तुम्ही थोड्या दिवसांसाठी जरी पुन्हा आलात, तरी त्याच पासावर जाता येईल. पास एकदा घेतला की पैसे परत मिळत नाहीत, आणि त्यांची विक्री मध्येच काही काळ थांबवतात, असेही पूर्वी झाले आहे; त्यामुळे तुमचा होकार मला तुमच्या तिकिटांच्या तारखा पक्क्या झाल्याबरोबर हवा आहे. बाबा, पासपोर्टवर तुम्हा दोघांची नावे ज्या स्पेलिंगने आहेत त्याच स्पेलिंगने ती मला कळवा, आणि आईच्या गुडघ्यांविषयी डॉक्टर सलग किती वेळ चालायला परवानगी देतात, तेही विचारून कळवा, म्हणजे पहिल्या दिवसाचे पार्क मी त्याप्रमाणे निवडीन.

कळावे.

तुमची लाडकी लेक