साक्षीदाराच्या वाक्याला पूर्वमंजुरी कशी घ्यायची?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

डॉक्युमेंटरी नाटकाला, प्रयोगाआधी संहिता तपासून मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या पूर्वतपासणीतून वगळावे, ही आमची मागणी आहे. ब्रिटिशांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा केंद्राने रद्द केला, तपासणी मात्र राज्यात राहिली.

या नाटकात लेखकाची वाक्ये नसतात. दंगल, गोळीबार पाहिलेल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित होतात आणि नट तेच शब्द बोलतात. तासाभराचे मुद्रण उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, कारण अडखळणेही उतरवावे लागते. "त्यांनी मारलं" असे सुरू झालेले बोलणे पोलिसांचा विषय निघताच "मार बसला" होते. संपादकाने इथे व्याकरण सुधारले, तर प्रसंगच हातचा जातो. बोलीही तशीच ठेवावी लागते. तिच्यातून जात आणि वर्ग दोन्ही ऐकू येतात. आणखी एक चूक हमखास होते: सोसायटीतला माणूस सलग, मुद्देसूद बोलतो म्हणून त्याला जास्त वेळ मिळतो, वस्तीतले तुटक बोलणे कापले जाते.

संमती दोनदा घ्यावी लागते, ध्वनिमुद्रणापूर्वी आणि संपादित मजकूर वाचून दाखवल्यावर. खटला चालू असेल तर साक्षीदार प्रयोगाच्या आदल्या दिवशीही माघार घेतो. तो त्याचा हक्कच आहे. मग दहा मिनिटांचा भाग निघतो, पुढचा क्रम बदलतो. मंजूर संहिता रातोरात कशी बदलायची?

लंडनच्या ट्रायसिकल थिएटरने १९९९ मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खून प्रकरणाच्या चौकशीचे कामकाज संपादित करून, मूळ शब्दांत रंगमंचावर आणले. वंशभेदामुळे पोलिस तपास कसा बिघडला, हे प्रेक्षकांनी साक्षींतून ऐकले. कामकाजाची लिखित प्रत हाती होती, म्हणून ते जमले. आपल्याकडेही १९९२-९३ च्या मुंबई दंगली आणि ११ जुलै १९९७ चा रमाबाई आंबेडकर नगरातला गोळीबार, ज्यात १० जण गेले, यांवरच्या चौकशी आयोगांपुढील साक्षी नाट्यसंस्थांना सहज मिळाव्यात. साक्षीदारांचे पत्ते जरूर झाकावेत.

तपासणी ठेवायचीच असेल, तर माघारीमुळे झालेल्या काटछाटीला नव्याने मंजुरी लागणार नाही, असे परिपत्रक तरी काढावे. पुरावा म्हणून संमतीपत्रे मात्र मंडळाने मागू नयेत. त्यांवर खरी नावे असतात.

आपले,
डॉक्युमेंटरी नाटक करणारे रंगकर्मी