मी सात वर्षांची नाही

कराड, दि. २६ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: टीव्हीवरचा वयाचा फिल्टर निघत नसल्याबद्दल, आणि तो काढण्यासाठी आधार कार्ड मागितल्याबद्दल.

संदर्भ: १७ जून, २३ जून, ७ जुलै आणि १५ जुलै रोजी केलेल्या माझ्या तक्रारी (क्रमांक सोबत जोडले आहेत).

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी तुमच्या सिनेमा-मालिकांच्या ॲपची वार्षिक वर्गणीदार आहे. जन्म १९६२चा. एका सहकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. हे सगळं आधीच सांगते आहे, कारण तुमच्या दप्तरी मी सध्या सात वर्षांची आहे.

एप्रिलच्या शेवटी नातू सुट्टीला आला. पुण्याची मुलं, रिमोट हातात आला की आपल्याआधी सगळं उघडून बसतात. सूनबाईंनी सांगितलं होतं, "आई, तेवढं मुलांचं सेटिंग लावून घ्या." मी टीव्हीवर तुमच्या ॲपमध्ये शोधलं, तर पहिल्याच पानावर मोठं हिरवं बटण होतं, 'मुलांसाठी सुरक्षित'. ते दाबलं. 'सर्वांत लहान प्रेक्षकाचं जन्मवर्ष टाका' असं आलं. मी रिमोटच्या बाणांनी दोन, शून्य, एक, आठ असे एकेक आकडे गाठत २०१८ टाकलं. 'धन्यवाद' आलं आणि काम झालं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. पासवर्ड विचारला नाही, ओटीपी आला नाही. हे जन्मवर्ष आता या प्रोफाइलच्या मालकिणीला चिकटणार आहे, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. असतं तर वाचलं असतं. बँकेतली माणसं बारीक अक्षरं वाचतात.

पोराची सुट्टी छान गेली. फिल्टरबद्दल तेव्हा माझी एकच कुरकुर होती. कार्टून सुरू होण्याआधी पैसे लावून रमी खेळण्याची जाहिरात दिवसातून चार-पाच वेळा लागायची. नातवाने विचारलं, "आजी, हे काका पत्ते खेळून गाडी कशी जिंकले?" मी त्याला काय सांगणार होते? म्हणजे तुमचा फिल्टर सिनेमाला लागतो, जाहिरातीला नाही. त्याबद्दल वेगळं पत्र लिहायचं होतं, पण पुढचं प्रकरण त्याहून मोठं निघालं.

शाळा १६ जूनला सुरू होणार म्हणून १५ तारखेला तो परत गेला. १७ तारखेला संध्याकाळी आमच्या यजमानांनी नेहमीची पोलीस तपासाची मालिका लावायला घेतली. तिचे सहा भाग बघून झाले होते, दोन उरले होते. मालिकाच गायब. बातम्यांचे कार्यक्रम गायब, निम्मे मराठी चित्रपट गायब. पडद्यावर हत्ती, ट्रॅक्टर आणि इंग्रजी बडबडगीतं. यजमानांचं वय ६८. तासभर त्यांनी ट्रॅक्टर बघितला आणि मग उठून अंगणात गेले.

मी ते हिरवं बटण शोधलं. जिथे लावलं होतं तिथे ते नाहीच. म्हणून तुमच्या चॅटवर गेले. मराठीत लिहिलं, "मुलांचा फिल्टर बंद कसा करायचा?" उत्तर हिंदीत आलं, तेही माझ्या प्रश्नाचं नव्हतं, वर्गणी वाढवण्याचं होतं. तीनदा लिहिल्यावर माणूस आला. त्याने सांगितलं, टीव्हीवरून बंद होणार नाही, कॉम्प्युटर नाहीतर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये जाऊन खात्यातून करावं लागेल. केलं. मोबाइलवर सगळं दिसू लागलं, टीव्हीवर मात्र हत्तीच. मग सांगितलं, टीव्हीवर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. माझा ईमेल पत्ता २६ अक्षरांचा आहे. तो रिमोटने टाकायचा, त्यातला ॲट कुठे असतो तो शोधायचा, ओटीपी चार आकड्यांचा, आणि तिसरा आकडा टाकेपर्यंत त्याची मुदत संपलेली. चौथ्या खेपेला जमलं. आणि तेवढ्यात मोबाइलवर सुटलेला फिल्टर परत लागला! आता दोन्हीकडे ट्रॅक्टर.

२३ जूनला फोनवर बोललेल्या मुलीने खरं कारण शोधून काढलं. तिचं कौतुकच करते. ती नम्र होती आणि तिने वेळ दिला. ती म्हणाली, "मॅम, तुमच्या प्रोफाइलचं जन्मवर्ष २०१८ आहे. म्हणून सिस्टिम आपोआप फिल्टर लावते." मी म्हटलं, मग बदला की. तर म्हणाली, "वय कमी असेल तर वाढवायला आयडी लागतो. आधारच्या दोन्ही बाजूंचा फोटो चॅटमध्ये पाठवा."

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. साठीच्या बाईला सात वर्षांची करायला तुम्हाला कसलाही पुरावा लागला नाही. रिमोट ज्याच्या हातात, त्याचं म्हणणं खरं. पण सातची परत साठीची व्हायची असेल तर सरकारी कागद आणा! लावायला एक बटण, काढायला सव्वा महिना, आणि अजून निघालेलं नाही. बाहेरून नुसती ढकलली की बंद होणारी आणि आतून उघडायला तहसीलदाराचा दाखला लागणारी कडी कुणी आपल्या घराला लावील का?

वयाची खात्री करायला नको, असं मी म्हणत नाही. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांसोबत आचारसंहिता आहे, ती मी वाचली. तिच्यात यू (सगळ्यांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए (फक्त प्रौढांसाठी) असे पाच वर्ग आहेत. १३+ आणि त्यावरच्या वर्गांना पालकांच्या ताब्यातलं कुलूप द्यायचं आहे, वयाची खात्रीशीर पडताळणी फक्त 'ए' वर्गासाठी सांगितली आहे. आमच्या यजमानांची मालिका तुमच्याच शिक्क्यानुसार यूए १३+ आहे. मग तिच्यासाठी आधार कशाला? आणि पालकांच्या ताब्यातलं कुलूप म्हणजे किल्ली पालकाकडे. या घरातले पालक आम्ही दोघं. किल्ली तुमच्याकडे आहे.

तरी मी समजुतीने घेतलं. शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं आधार पाठवते म्हटलं. सरकारच देतं तसं, त्यावर नाव आणि जन्मतारीख स्पष्ट असते. वय बघायला आणखी काय हवं? उत्तर आलं, "पूर्ण नंबर दिसला पाहिजे." नोकरीत असताना ग्राहकांच्या कागदांच्या झेरॉक्स टेबलावर उघड्या पडल्या म्हणून मी शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांशी भांडले आहे. एक मालिका बघण्यासाठी माझं पूर्ण आधार चॅटच्या खिडकीत टाकणार नाही. हे लेखी कळवते.

आणखी एक गोष्ट मला बँकेच्या सवयीने सुचली. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीचं खातं आम्ही उघडायचो, तेव्हा पालनकर्त्याची सही असायची. सज्ञान झाल्यावर नव्याने नमुना सही घेऊन खातं पालटायचं. सात वर्षांच्या मुलाशी करार होत नाही, हे १८७२च्या करार कायद्यापासून चालत आलेलं आहे. तुम्ही माझ्या निवृत्तिवेतनाच्या खात्याच्या डेबिट कार्डातून १,२०० रुपये घेतलेत. मी सात वर्षांची असेन तर ते पैसे कुठल्या करारावर घेतले ते सांगा. सज्ञान असेन तर फिल्टर काढा. पैसे घेताना मोठी आणि सिनेमा दाखवताना लहान, हे चालायचं नाही.

आता ६ जुलैचं सांगते, कारण हे पत्र त्या दिवसामुळे लिहिलं गेलं. नाहीतर मी कदाचित वर्गणी सोडून देऊन गप्प बसले असते.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती. यजमानांनी बरीच वर्षं माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण वाटचाल केली, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण कधी चुकवलं नाही. गेली तीन वर्षं गुडघ्यांमुळे बंद आहे. म्हणून एकादशीला दुपारी घरीच प्रभातचा 'संत तुकाराम' लावायचा, असा आमचा नेम झाला. वरच्या मजल्यावरच्या काकू येतात, समोरचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या वहिनी येतात. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी होते. सगळे खुर्च्या ओढून बसले आणि मी 'तुकाराम' शोधायला घेतलं. पडद्यावर आलं, 'काहीही सापडलं नाही.' मास्तर म्हणाले, स्पेलिंग चुकलं असेल. तीन प्रकारे टाकून बघितलं. नाही. मला वाटलं, तुम्ही तो काढूनच टाकला. यजमान काही बोलले नाहीत, खिचडीची ताटली हातात घेऊन बसून राहिले. शेवटी काकूंनी मोबाइलवर कुठलातरी हरिपाठ लावला आणि तेवढ्यावर एकादशी साजरी झाली.

रात्री सूनबाईंना फोन केला. पुण्यात त्यांच्या टीव्हीवर, तुमच्याच ॲपमध्ये, चित्रपट होता.

म्हणजे 'सापडलं नाही' हे खोटं होतं. सापडला होता, तुम्ही लपवला होता. 'हा चित्रपट तुमच्या फिल्टरमुळे दिसत नाही' एवढं एक वाक्य लिहिलं असतंत तर मी तोच जुना घोळ ओळखला असता आणि मास्तरांच्या घरी जाऊन सगळ्यांनी बघितला असता. फिल्टर लपवतो त्याला माझी हरकत नाही, तो लपवल्याचंही लपवतो, याला आहे.

७ जुलैला विचारलं, की तुकोबांच्या चित्रपटात सात वर्षांच्या पोराने न बघण्यासारखं काय आहे? उत्तर मिळालं, "या टायटलला रेटिंग नाही. रेटिंग नसलेलं सगळं प्रौढांमध्ये धरलं जातं." अहो, तो चित्रपट १९३६चा! तेव्हा आजचं केंद्रीय मंडळ नव्हतं, इलाख्यांची आपापली सेन्सॉर मंडळं होती. केंद्रीय मंडळ आलं १९५१ साली, 'यूए' वर्ग आला १९८३ साली, आणि सात, तेरा, सोळा हे तुकडे तर आत्ता आत्ता पडले. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी पुण्यात बसून २०२१चा शिक्का कुठून आणायचा? आणि मुळात आचारसंहिता सांगते की आपल्याकडच्या कार्यक्रमांचं वर्गीकरण दाखवणाऱ्यानेच करायचं आहे. ते काम तुमचं. तुम्ही केलं नाहीत, आणि त्याची भरपाई प्रेक्षकाकडून घेताय. जुन्या मराठी चित्रपटांवर कुणी बसून शिक्के मारलेले नाहीत, म्हणून ते सगळे एकदम प्रौढांच्या खोलीत. रमीची जाहिरात मात्र बडबडगीताच्या आधी.

१५ जुलैच्या तक्रारीला 'तुमची समस्या सोडवली आहे, कृपया पाच तारे द्या' असा संदेश आला. टीव्ही लावून बघितला. हत्ती होता.

माझं मागणं फार नाही. प्रोफाइलचं जन्मवर्ष १९६२ करा. पुरावा म्हणून माझ्या नावाच्या बँक खात्यातून झालेला भरणा आणि नोंदणीकृत मोबाइलवरचा ओटीपी पुरेसा आहे, हवं तर झाकलेलं आधार देते. फिल्टर जिथून लावता येतो तिथूनच, पिन टाकून, काढता आला पाहिजे. टीव्हीवर लावलेली गोष्ट काढायला माणसाला ब्राउझरमध्ये पाठवू नका. आमच्या मजल्यावर चार घरांत टीव्ही आहे, कॉम्प्युटर एकाकडे आहे. १७ जूनपासून ज्या दिवशी हे दुरुस्त होईल तोपर्यंतचे दिवस वर्गणीत वाढवून द्या. आजच्या हिशेबाने ते ४० दिवसांचे सुमारे १३२ रुपये होतात. रक्कम लहान आहे हे मला कळतं. पण रोजच्या हिशेबात एक रुपया जमत नसला तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसायचो, त्यामुळे १३२ रुपयांसाठी पत्र लिहिण्यात मला संकोच नाही. आणि 'संत तुकाराम'ला यू शिक्का मारा. त्याला एक मिनिट लागेल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन, आणि त्यानंतर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. एवढ्या लहान रकमेला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. कराडहून सातारा तासाभराचा रस्ता आहे आणि मला वेळ भरपूर आहे. तुमच्या कृपेने टीव्हीवर बघायलाही काही नाही.

उत्तर मराठीत द्यावं. चॅटवर नको, पत्राने किंवा ईमेलने.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक व भरण्याची पावती सोबत)

ता. क.: हे पत्र लिहून होईपर्यंत यजमानांनी त्या मालिकेचा शेवट मास्तरांकडून ऐकून घेतला. खून मेहुण्याने केला होता. तरीही ते दोन भाग त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आहेत.