ब्लॉक दुसऱ्या लॅबला नेता आला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी संस्थेने कॅन्सरची नवीन टेस्ट शोधली आणि अमुक कंपनीला टेक्नॉलॉजी ट्रान्सफर केली अशा बातम्या मधून मधून वाचायला मिळतात, सोबत फोटो असतो, दोघे जण फाइल धरून हसत उभे, पण त्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते बातमीत नसतं. लायसन्स त्या एकाच कंपनीला दिलंय की मागेल त्याला मिळणार, एवढं तरी छापत जा, पेशंटचं सगळं तिथेच ठरतं.

मी इंदूरची, 29 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता रिटायर झाले. बायोप्सीचा तुकडा आला की तो प्रोसेस करून मेणात बसवायचा, ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर काप काढायचे, स्लाइड रंगवायची, मग डॉक्टर बघणार. आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर लिहून आला की दोन दिवसांत घरचं कोणीतरी काउंटरवर यायचंच, "ताई, ब्लॉक द्या ना, टाटाला दाखवायचाय". मी ब्लॉक छोट्या पिशवीत घालायचे, नंबर टाकायचे, रजिस्टरमध्ये सही घ्यायचे आणि मे महिना असेल तर बजावून सांगायचे की उन्हात ठेवू नका, मेण आहे ते. मग अवंतिका एक्सप्रेसने रातोरात मुंबई, सकाळी परळ.

बहुतेक वेळा तिकडूनही तेच उत्तर यायचं. पण एका बाईंची केस मी विसरू शकत नाही. ब्रेस्ट कॅन्सर, आम्ही ईआर निगेटिव्ह दिलं होतं, म्हणजे हार्मोन रोखणाऱ्या गोळीचा या गाठीवर उपयोग नाही, मुंबईला त्याच ऑपरेशनचा दुसरा ब्लॉक तपासला तर पॉझिटिव्ह निघालं. तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवायच्या औषधात, उशिरा पडला असणार, असं झालं की टेस्ट दगा देते. चूक आमच्याच लॅबची, मी नाकारत नाही. पण त्या एका उत्तराने बाईंना 5 वर्षं हार्मोन रोखणारी गोळी सुरू झाली, जी आमच्या रिपोर्टवर त्यांना कुणीच दिली नसती. दुसरीकडे दाखवायची सोय होती म्हणून हे कळलं, एवढंच.

आता समजा टेस्ट अशी आहे की देशात एकच कंपनी करू शकते. मग ब्लॉक घेऊन जायचं कुठे?

हे मी मनाचं सांगत नाहीये, अमेरिकेत झालंय. स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरशी जोडलेलं बीआरसीए-1 जीन 17 नंबरच्या क्रोमोसोमवर आहे हे मेरी-क्लेअर किंग यांच्या टीमने 1990 मध्ये दाखवलं, 1994 मध्ये मिरियाड जेनेटिक्स ही कंपनी आणि युटा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ते नेमकं शोधून काढलं, आणि त्या कामात अमेरिकन सरकारच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते, म्हणून पेटंटवर सरकारचंही नाव लागलं. तरी या जीनमध्ये बिघाड आहे का ते बघायच्या टेस्टचे सगळे हक्क एकट्या मिरियाडकडे गेले. टेस्ट 3,000 डॉलरच्या वर, दुसऱ्या लॅबनी केली तर कायदेशीर नोटीस. एका बाईंना ओव्हरी काढून टाकायच्या आधी दुसऱ्या लॅबकडून खात्री करून घ्यायची होती, तर तशी दुसरी लॅबच नव्हती! ओव्हरी काढायच्या म्हणजे काय, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

आणि ती एकुलती एक टेस्ट तरी पूर्ण होती का, तर नाही. 2006 मध्ये किंग यांच्याच टीमने घरात खूप कॅन्सर असलेल्या आणि त्या कंपनीच्या टेस्टमध्ये निगेटिव्ह आलेल्या 300 कुटुंबांची परत तपासणी केली, तर 12 टक्क्यांत बीआरसीए-1 आणि तसंच दुसरं बीआरसीए-2 या जीन्समधले मोठे बदल सापडले, जे त्या टेस्टच्या पद्धतीत दिसतच नव्हते. दहा लॅब तीच टेस्ट करत असत्या तर एकीने तरी ही गोष्ट आधी पकडली असती असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं, लॅबच्या चुका दुसरी लॅबच पकडते. शेवटी 13 जून 2013 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की निसर्गात आहे तसं जीन नुसतं वेगळं काढलं म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही, आणि त्याच दिवशी दुसऱ्या लॅबनी टेस्ट जाहीर केल्या.

एक नुकसान मात्र कोर्टाने भरून निघालं नाही, ते म्हणजे डेटा. इतक्या वर्षांत हजारो बायकांचे रिझल्ट एकाच कंपनीकडे जमले आणि 2004 च्या सुमारास तिने ते सार्वजनिक डेटाबेसला द्यायचं बंद केलं. त्याची झळ कुठवर पोचते बघा. माझ्या भाचीच्या जीन टेस्टच्या रिपोर्टवर 'व्हेरिअंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स' असं आलं, म्हणजे बदल आहे पण धोक्याचा की साधा ते माहीत नाही. ती तो कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "मावशी, मग मी काय समजू?" मला उत्तर देता आलं नाही. असा बदल आणखी किती बायकांमध्ये सापडला आणि पुढे त्यांचं काय झालं हे सगळ्यांना बघता आलं तरच त्या शब्दाचा अर्थ लागतो, आणि आपल्याकडच्या बायकांचा डेटा आधीच कमी आहे.

आपल्याकडे कायदा बरा आहे. पेटंट कायद्याच्या कलम 3 प्रमाणे रोग ओळखण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, पण किट, चिप, मशीन यांना मिळतं, आणि कंपन्या तिथून येतात. आणि कलम 50 बघा, पेटंटचे मालक दोघे असतील आणि आपसात वेगळा करार नसेल तर एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय लायसन्स देता येत नाही. म्हणजे सरकारी संस्था सहमालक असेल तर तिच्या सहीशिवाय एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीला हक्क देणारं, लायसन्स सहसा होऊ शकत नाही. मग ही सही कुणाला न सांगता का होते? अमेरिकेत सरकारी मालकीच्या शोधाचं असं लायसन्स देण्याआधी निदान 15 दिवसांची जाहीर नोटीस काढावी लागते आणि कोणीही हरकत पाठवू शकतं, आणि 2005 मध्ये एनआयएचनेच लिहून ठेवलं की जीन्सशी संबंधित शोधांचं लायसन्स शक्यतो अनेकांना द्यावं. आपल्या पेटंट कायद्यात अशा नोटिशीची सक्ती नाही.

कंपन्या म्हणतील एकट्याला हक्क नाही दिला तर पैसा कोण घालणार. हे अगदी खोटं नाही, किट बाजारात आणायला व्हॅलिडेशन, म्हणजे टेस्ट बरोबर चालते याची तपासणी, परवाने यात पैसा जातोच. मग द्या दोन-तीन वर्षं, पण खात्रीसाठी दुसऱ्या लॅबला ती टेस्ट करायची मोकळीक त्या करारातच लिहा, सरकारी हॉस्पिटलचा रेट आधी ठरवा, आणि नाव-गाव काढून सगळे रिझल्ट सार्वजनिक डेटाबेसला देणं बंधनकारक करा. औषध नाही मानवलं तर डॉक्टर दुसरं देतात, टेस्टच चुकली तर चुकलंय हेच कळत नाही. 2012 मध्ये आपल्याच पेटंट ऑफिसने नेक्साव्हार या कॅन्सरच्या औषधाचं सक्तीचं लायसन्स, म्हणजे मालक कंपनीची मर्जी नसताना, नॅटको या दुसऱ्या कंपनीला दिलं आणि महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांवरून 8,880 रुपयांवर आला, म्हणजे मनात आणलं तर आपलं सरकार करू शकतं. पण तो नंतरचा, भांडणाचा रस्ता. इथे तर सही करणारा हात सरकारचाच आहे.

म्हणून विनंती की पुढच्या वेळी असा फोटो आला की आपल्या वार्ताहरांनी त्या साहेबांना दोनच गोष्टी विचाराव्यात, दुसऱ्या लॅबला ही टेस्ट करता येईल का, आणि रिझल्ट कुठे जमा होणार. उत्तर दिलं नाही तर तेही छापा.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर