कॉलेज बदलायचे तर वर्ग भरण्याआधीच

संपादक महोदय,

‘आता मिळेल ते घ्या, पुढच्या वर्षी बदलून घेऊ’ हा सल्ला जळगाव-धुळ्याकडे सर्रास दिला जातो. तो घातक आहे. एका एनआयटीतून (केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतून) दुसरीत सहसा बदली होत नाही. जे करायचे ते ‘जोसा’च्या (आयआयटी-एनआयटींच्या सामायिक जागावाटपाच्या) फेऱ्या चालू असतानाच. मिळालेली जागा ‘फ्रीझ’ म्हणजे कायम केली की ‘जोसा’च्या पुढच्या फेऱ्यांची वाट बंद. ‘स्लाइड’मध्ये त्याच संस्थेतली, ‘फ्लोट’मध्ये कुठल्याही संस्थेतली वरच्या पसंतीची जागा मिळू शकते. मात्र ती मिळताच आधीची आपोआप जाते, मागून परत मिळत नाही. नंदुरबारहून सुरत जवळ, म्हणून पसंतीच्या यादीत तिथली एनआयटी सहज वर टाकली जाते. नागपूरच हवे असेल तर नागपूर सुरतेच्या वर लिहा. यादी लॉक झाल्यावर क्रम बदलत नाही.

– एक प्रवेश-मार्गदर्शक शिक्षक, अमळनेर